एलीचा गैरसमज



शमुवेलच्या पहिल्या ग्रंथाच्या अगदी पहिल्या अध्यायात एक प्रसंग आहे. शिलो येथे वार्षिक यज्ञासाठी कुटुंबे जमली आहेत. जेवणखाण आटोपले आहे, द्राक्षारसही झाला आहे. मूलबाळ नाही म्हणून वर्षानुवर्षे सवतीचे टोमणे सोसणारी हन्ना जेवणावरून उठते आणि प्रभूच्या मंदिरात जाऊन रडत रडत प्रार्थना करते. तिचे ओठ हलतात, पण आवाज ऐकू येत नाही. मंदिराच्या दाराशी याजक एली आसनावर बसला आहे. तो तिच्या तोंडाकडे पाहतो आणि मनाशी ठरवून टाकतो, बाई प्यायलेली दिसते! एवढ्यावर थांबत नाही, तिला तसे सुनावतोही.

आयुष्य देवाच्या घरात घालवलेला हा माणूस. लोकांची दुःखे देवापुढे मांडणे हेच त्याचे काम. आणि समोर ऊर फुटेस्तोवर रडणारी स्त्री त्याला ओळखता आली नाही. त्या दिवशी एलीचे वय किती होते ते पवित्र शास्त्र सांगत नाही. पण पुढच्याच अध्यायात तो फार वृद्ध झाल्याचा उल्लेख येतो, आणि मृत्यूसमयी तो ९८ वर्षांचा होता, त्याची दृष्टी गेलेली होती, असे नमूद आहे.

आजच्या चिंतनासाठी मी एलीला निवडले, कारण आपल्या धर्मग्रामात एली पुष्कळ आहेत आणि हन्नाही पुष्कळ आहेत. त्यांची गाठ रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात पडते.

घरभेटीला गेले की एक तक्रार हमखास कानावर येते, तीही उंबऱ्यापाशी, हळू आवाजात. "फादर, सासूबाई पूर्वी अशा नव्हत्या हो. आता त्यांना दुसऱ्याचं काही पडलेलंच नाही. मी म्हटलं, मला ताप आलाय, तर त्या त्यांच्या गुडघ्याचं सांगायला लागल्या." दुसऱ्या घरी मुलगा म्हणतो, "बाबांना ऑफिसातलं काही सांगायचं मी सोडूनच दिलंय. अर्ध्यात भलताच विषय काढतात." हे शेवटचे वाक्य मला जास्त काळजीचे वाटते. तक्रार करणारा माणूस अजून बोलतो तरी. सांगायचे सोडून दिले, म्हणजे एकाच छपराखाली दोन घरे झाली. आणि या सगळ्याचा निष्कर्ष ठरलेला असतो: वय झाले की माणूस स्वार्थी होतो, मायेचा झरा आटतो.

हा निष्कर्ष बरोबर आहे का? गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्यातले थोडे आपण समजून घेऊ, कारण सत्य कोणत्याही वाटेने आले तरी ते देवाचेच असते.

लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे आणा. बँड वाजतो आहे, मुले धावताहेत, कोणी हाका मारते आहे. एवढ्यात शेजारी बसलेली मावशी तुम्हाला काही सांगते आणि ते तुम्हाला कळते. कसे? केवळ तिचा आवाज कानी पडतो म्हणून नव्हे. तुमचा मेंदू बाकीचे सगळे आवाज दाराबाहेर थोपवून धरतो म्हणून. ऐकण्यासाठी जेवढी शक्ती लागते, तेवढीच न ऐकण्यासाठीही लागते. या कामात कपाळामागच्या मेंदूच्या भागाचा मोठा वाटा असतो. आपण त्याला राखणदार म्हणू. १९८८ साली लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या दोन संशोधक स्त्रियांनी असा विचार मांडला की, वाढत्या वयात बुद्धीच्या पुष्कळशा अडचणींचे मूळ या राखणदाराच्या थकण्यात आहे.

२००५ साली अ‍ॅडम गझाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे मेंदूची चित्रे घेऊन तपासले. तरुणांना आणि वृद्धांना चेहऱ्यांची आणि निसर्गदृश्यांची चित्रे आळीपाळीने दाखवली. एकदा सांगितले, चेहरे लक्षात ठेवा, दृश्यांकडे दुर्लक्ष करा. मग उलट सांगितले. जे लक्षात ठेवायचे त्याकडे लक्ष देण्यात वृद्ध तरुणांच्या मागे नव्हते. मागे पडले ते नको असलेले बाजूला सारण्यात. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी: त्यातल्या काही वृद्धांचा राखणदार तरुणांसारखाच सजग होता, आणि त्यांची स्मरणशक्तीही चांगली होती. तेव्हा 'म्हातारपण म्हणजे असेच' हे सरसकट विधान करण्यात अर्थ नाही.

म्हणजे पाहा. तुम्ही आजीला ताप आल्याचे सांगता, तेव्हा टीव्हीवर मालिका चालू असते, कुकरची शिटी होते, बाहेरून मोटारसायकल जाते आणि आजीच्या गुडघ्यात कळ येते. तुम्हाला वाटते, आजीने एकच वाक्य ऐकायचे होते. पण तिच्या मनाच्या दारातून ही पाचही माणसे एकदम आत आली, आणि सर्वांत मोठ्याने ओरडला तो गुडघा.

इथे मायेचा प्रश्न येतो. दुसऱ्याचे दुःख समजणे हे एक काम नसून दोन आहेत. समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखणे हे पहिले. ते ओळखल्यावर आपलेही काळीज हलणे हे दुसरे. वृद्धांची अडचण होते ती बहुधा पहिल्यात. चेहऱ्यावरचा राग, भीती, खिन्नता ओळखण्यात सरासरीने ते तरुणांपेक्षा कमी पडतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. दुसऱ्याचे काय? २०१२ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध अशा तिन्ही वयांच्या लोकांना गरजू माणसांचे चित्रपट दाखवले. ते पाहून अधिक हेलावले ते वृद्ध. दान देताना अधिक सढळ हात कोणाचा? तोही वृद्धांचाच.

झरा आटलेला नाही, बंधू-भगिनींनो. आटला असता तर दानपेटीचे काय झाले असते, हे धर्मग्रामाचा हिशेब पाहणाऱ्यांना विचारा.

आणखी एक प्रयोग फार बोलका आहे. दोन माणसांना शेजारी बसवायचे. एकाच वेळी एकाच्या हाताला मऊ, सुखद वस्तू लावायची, तर दुसऱ्याच्या हाताला किळसवाणी. मग पहिल्याला विचारायचे, तुझ्या शेजाऱ्याला आत्ता कसे वाटत असेल? स्वतःला सुखद स्पर्श होत असला की माणसाला वाटते, शेजाऱ्याचेही फार वाईट चाललेले नसावे. स्वतःची भावना दुसऱ्यावर लादली जाते. ती लादू न देण्यात मेंदूच्या उजव्या बाजूचा, कानाच्या थोडा वर असलेला एक भाग मदत करतो, असे जर्मनीतील संशोधकांना २०१३ साली आढळले. पुढे २०१६ साली वेगवेगळ्या वयांत हा प्रयोग झाला, तेव्हा किशोरवयीन मुले आणि वृद्ध या दोघांत ही लादणूक तरुण प्रौढांपेक्षा अधिक दिसली. गुडघ्याची गोष्ट इथे उलगडते. सर्वांत जवळचा गोंगाट बाहेर रस्त्यावर नसतो, आपल्या स्वतःच्या अंगात असतो. तो थोपवून दुसऱ्याचे ऐकण्यासाठीही राखणदारच लागतो. (आजी आणि तिचा पंधरा वर्षांचा नातू यांची एवढी भांडणे का होतात, याचेही थोडे उत्तर इथे असावे असे मला वाटते.)

असे असले तरी आपली आई कधीकधी फोनवर दोन शब्द ऐकून म्हणते, "काय झालं रे? जेवला नाहीस का?" ते कसे? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या बर्लिनमधील एका अभ्यासात तरुण आणि वृद्ध जोडप्यांना दिवसभरात मधूनमधून विचारले गेले की, तुमच्या जोडीदाराला आत्ता कसे वाटत असेल. जोडीदार समोर असताना तरुणांचे उत्तर अधिक बरोबर येई, कारण ते चेहरा वाचत. जोडीदार समोर नसताना मात्र वृद्ध त्यांच्या बरोबरीने उतरत. वृद्ध माणूस चेहरा वाचून नव्हे, तर चाळीस वर्षांच्या सहवासातून ओळखतो. म्हणूनच त्याला आपल्या आयुष्यातल्या गोष्टी सांगत राहिले पाहिजे. सांगणे सोडले की त्याच्याजवळची ही शेवटची शिदोरीही संपते.

आता पुन्हा शिलोला जाऊ. एलीने अपमान केल्यावर हन्नाने काय केले? ती रागाने निघून गेली नाही. 'या म्हाताऱ्याला काय कळणार' असे म्हणाली नाही. तिने आदराने त्याला सांगितले की, मी मद्य प्यायलेले नाही, मी दुःखी स्त्री आहे, माझे मन मी परमेश्वरापुढे मोकळे करत आहे. जे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते आणि एलीला वाचता आले नाही, ते तिने शब्दांत सांगितले. आणि एली? तो आपल्या शब्दाला चिकटून बसला नाही. 'माझे डोळे मला फसवणार नाहीत' असा हेका धरला नाही. तिचे दुःख काय ते त्याने विचारलेसुद्धा नाही. शांतीने जा, देव तुझी मागणी पूर्ण करो, असा आशीर्वाद त्याने तत्क्षणी दिला. जी स्त्री क्षणापूर्वी त्याला दारूबाज वाटली, तिच्यासाठी त्याचे काळीज हलायला एक वाक्य पुरले.

तरुणांनो, तुमच्याकडे माझे मागणे एवढेच आहे की ते एक वाक्य बोला. तोंड पाडून बसू नका आणि 'त्यांना कळायला हवं होतं' असे म्हणू नका. टीव्ही बंद करा. नुसता आवाज कमी करून भागत नाही, कारण हलणारे चित्रही लक्ष ओढून घेते. समोर बसा, तोंडावर उजेड राहील असे बसा, आणि सरळ सांगा, "आई, आज मला फार थकल्यासारखं झालंय. तुम्ही दोन मिनिटं माझं ऐका." एका वेळी एकानेच बोलावे. आणि महत्त्वाचे बोलणे शक्यतो सकाळी करावे. हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले आहे की, वृद्धांचा राखणदार सकाळी ताजा असतो आणि दिवस कलताना थकतो. तरुणांचे बरेचदा उलट असते. आपण मात्र जमिनीचे, पैशाचे, लग्नाचे सगळे विषय रात्री नऊ वाजता, सगळे घरी आल्यावर काढतो, आणि मग म्हणतो की म्हातारा ऐकत नाही!

ज्येष्ठांनो, तुम्हीही यातून सुटत नाही. वय झाले म्हणून जे तोंडात येईल ते बोलण्याचा परवाना मिळत नाही. आपला पहिला तर्क चुकू शकतो, हे एकदा कळल्यावर तो जिभेवर येण्याआधी प्रश्न विचारता येतो. "काय गं, बरं नाही का तुला?" एवढा प्रश्न विचारला असता तर एलीचा गैरसमज झाला नसता. कानांची तपासणी करून घ्या, आणि यंत्र दिले असेल तर ते कपाटात ठेवू नका. मोतीबिंदूचे ऑपरेशन 'पुढच्या वर्षी' म्हणून ढकलू नका. कान आणि डोळे अंधुक बातमी आणू लागले की राखणदाराचे काम दुप्पट होते. बहिरेपणाची वेळीच दखल घेतली तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोकाही कमी होऊ शकतो, असे तज्ज्ञ आता सांगतात.

पुष्कळ वृद्ध एक गोष्ट मनाला लावून घेतात, तिच्याविषयी थोडे बोललेच पाहिजे. ते म्हणतात, "फादर, रोझरी म्हणताना मन भटकतं. कितवं रहस्य चाललंय तेच विसरते. मिस्सेत समोरच्या बाईच्या साडीकडे लक्ष जातं. माझी श्रद्धा कमी झाली का?" काही जण तर हे मोठे पाप समजून प्रायश्चित्त संस्काराला येतात. त्यांना मी आविलाच्या संत तेरेजाची आठवण करून देतो. १५७७ साली, वयाच्या ६२व्या वर्षी, तिने प्रार्थनेवरचा आपला सर्वांत थोर ग्रंथ लिहिला, आणि त्यातच मोकळेपणाने नोंदवले की हे लिहीत असताना माझ्या डोक्यात नद्या धो धो वाहाव्यात तसा आवाज चालला आहे. तिचा सल्ला एखाद्या शेतकरणीने द्यावा तसा होता: चक्कीचा खडखडाट होतो तो होऊ द्या, आपण आपले दळण दळत राहावे. ख्रिस्तसभेने या स्त्रीला धर्मपंडित ही पदवी दिली आहे. तेव्हा साडीकडे लक्ष गेले तर घाबरू नका. ते परत आणा. पन्नास वेळा गेले तर पन्नास वेळा आणा.

तिच्याच नावाची धाकटी तेरेजा, लिझ्यूची, १८८८ साली पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली. तिथे एक वृद्ध, आजारी आणि चिडखोर धर्मभगिनी होती. तिला रोज संध्याकाळी प्रार्थनागृहातून भोजनगृहात न्यायचे काम तेरेजाने आपण होऊन मागून घेतले. भरभर चालले तर म्हातारी ओरडे, हळू चालले तरी ओरडे. एके दिवशी तेरेजाच्या ध्यानात आले की तिला अधू हातांनी भाकरीचा तुकडा मोडता येत नाही. मग ती रोज भाकर कापून दिल्याशिवाय आणि एकदा हसल्याशिवाय तिथून निघत नसे. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी तिला नेत असताना दूरवरून वाद्याचे सूर आले आणि तेरेजाच्या डोळ्यांपुढे झगमगत्या दिवाणखान्याचे चित्र उभे राहिले. तिचेही मन भटकले, पाहा! मग तिने शेजारच्या कण्हणाऱ्या म्हातारीकडे पाहिले, आणि तो सगळा झगमगाट मिळाला तरी ही सेवा सोडणार नाही असे तिला वाटले.

पण याहून कठीण परीक्षा तिच्या घरातच होती. तिचे वडील लुई मार्टिन, धंद्याने घड्याळजी. पत्नी झेली १८७७ साली कर्करोगाने गेल्यावर त्यांनी पाच मुलींना वाढवले. पुढे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने त्यांचे मन ढासळू लागले. १८८८ च्या जूनमध्ये ते कोणाला न सांगता घरातून निघून गेले आणि काही दिवसांनी ल हाव्र या बंदराच्या गावी सापडले. भास होऊ लागले. १८८९ च्या फेब्रुवारीत त्यांना कॅन शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले, आणि तिथे ते तीन वर्षे राहिले. गावात लोक बोलत. मुली मठात गेल्या म्हणून बापाची ही दशा झाली, असेही म्हणत. धाकटी तेरेजा हे सगळे मठाच्या भिंतींआड ऐकत होती. १८९२ साली ते घरी परतले, तेव्हा मठाच्या जाळीपाशी मुलींना अखेरचे भेटले. फारसे बोलता येत नव्हते. त्यांनी बोट वर करून स्वर्गाची खूण केली. १८९४ साली त्यांचे निधन झाले.

पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी लुई आणि झेली या दांपत्याला संतपद बहाल केले. ज्याचे मन अखेरच्या वर्षांत त्याच्याच ताब्यात नव्हते, त्याच्या त्या वर्षांना ख्रिस्तसभेने संतपणातून वजा केले नाही. आपल्याकडे मात्र एखाद्या आजोबांचे चित्त ठिकाणावर नसले तर पाहुणे आल्यावर त्यांना आतल्या खोलीत बसवतात. सिराकच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला समजून घ्यावे असे स्पष्ट सांगितले आहे. घरी गेल्यावर तो अध्याय मुलांसह वाचावा.

एक सूचना. आज मी बोललो ते सर्वसाधारण वार्धक्याविषयी. पण एखाद्या माणसाचा स्वभाव वर्षा-दोन वर्षांत पार पालटला, पूर्वीची माया एकदम निवली, तो लाज सोडून वागू लागला, ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागला, तर त्याला वय म्हणून सोडून देऊ नका आणि पाप म्हणून झिडकारूही नका. तो आजार असू शकतो. कपाळामागचा भाग झिजवणारा असा एक विकार १८९२ साली प्राग शहरातील आर्नोल्ड पिक या डॉक्टरांनी प्रथम वर्णन केला. तो साठीच्या आधीही येऊ शकतो. अशा वेळी आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे; प्रार्थनेसाठी मला कधीही बोलवा.

पुढच्या रविवारपासून सकाळच्या पहिल्या मिस्सेला डावीकडचे पुढचे चार बाक ज्येष्ठांसाठी राखून ठेवले जातील. त्या बाजूला आवाज स्वच्छ ऐकू येतो आणि वेदीवर वाचणाऱ्याचे तोंडही दिसते. वाचन करणाऱ्या तरुणांनी थोडे सावकाश वाचावे. जे वृद्ध अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्यासाठी पहिल्या शुक्रवारी मी ख्रिस्तप्रसाद घेऊन येतो, तो यापुढे संध्याकाळऐवजी सकाळी साडेआठपासून आणीन. नावे कार्यालयात नोंदवावीत. मी येईन तेव्हा टीव्ही बंद असावा, आणि घरातील निदान एक तरुण माणूस आजी-आजोबांच्या समोर बसलेला असावा.